येत राहणारी माणसं

बटुमी हे गाव नकाशात कुठं आहे, हे जुलै 2025 च्या आधी नागपुरात किती जणांना सांगता आलं असतं? जॉर्जियातल्या त्या शहरात आपल्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं, महिलांचा विश्वचषक जिंकला, एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, आणि मग बरेच दिवस आमच्या शहराला दुसरा विषयच नव्हता. टपरीवर तर्री पोहे खाता खाता लोक एकमेकांना घोड्याची चाल समजावून सांगत होते. ज्यांना पटावर उंट कोणता आणि वजीर कोणता हे कळत नाही, त्यांनीही पोरांना बुद्धिबळाच्या क्लासला घातलं.

ती परत आली तेव्हा विमानतळावर ढोलताशे, हार, कॅमेरे असं सगळं होतं. त्या गर्दीत तिनं आईवडिलांचं नाव घेतलं, बहिणीचं घेतलं, आणि राहुल जोशी सरांचं घेतलं. ते तिचे पहिले प्रशिक्षक. तिनं ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची फार इच्छा होती. 2020 मध्ये ते गेले. बातमीत हे एका वाक्यात येऊन गेलं आणि माझ्या डोक्यात मात्र तेच राहिलं. नंतर चौकाचौकांत फ्लेक्स लागले. त्यांवर दिव्या होती, आणि हात जोडून उभे असलेले बरेच शुभेच्छुक होते, ज्यांचा बुद्धिबळाशी संबंध फ्लेक्सपुरताच होता. मी पाहिलेल्या एकाही फ्लेक्सवर सर नव्हते. असो, फ्लेक्सकडून काय अपेक्षा ठेवायची.

शाळेत आम्हाला "माझा आदर्श" हा निबंध असायचा. वर्गातल्या निम्म्या पोरांचा तो गाइडमधून आलेला असे, त्यामुळे जन्मतारखेपासून "त्यांच्या मार्गावर चालण्याचा मी प्रयत्न करीन" इथपर्यंत सगळ्यांचं सारखं. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्या दहापैकी सात देऊन मोकळ्या व्हायच्या. घरी भिंतीवर फोटो होतेच. आम्ही अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. त्या एका ओळीत कुणाकडे बाबासाहेब आणि बुद्ध, कुणाकडे शेगावचे गजानन महाराज, कुणाकडे खंजिरी घेतलेले तुकडोजी महाराज, आणि कोपऱ्यावरच्या तेलुगू कुटुंबाकडे बालाजी. परीक्षेला जाताना प्रत्येक पोर आपापल्या फोटोच्या पाया पडून निघायचं.

या फोटोंचं मोल मी कमी लेखत नाही. आमच्या ओळीतल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांचा फोटो होता म्हणून शाळा सोडण्याची भाषा निघाली नाही, हे मी पाहिलेलं आहे. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली तरी पोराची फी गेली, कारण समोर फोटो होता आणि त्याच्यासमोर खोटं बोलता येत नव्हतं. पण फोटोतला माणूस आपल्याकडे बघत नाही. आपण आज शाळेला गेलो की फुटाळा तलावावर भटकायला, हे त्याला कळत नाही. ज्याच्याकडे बघावं असा कुणीतरी मुलाला लागतो हे आपण सारखं बोलतो. जो मुलाकडे बघेल असा कुणीतरीही लागतो, हे मात्र बोलायचं राहून जातं.

दुसऱ्या प्रकारच्या माणसाचं नाव विचाराल तर मी कृष्णराव अर्जुन केळुसकरांचं घेईन. उत्तर नागपुरात केळुसकर गुरुजी म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. बाकी शहरात सांगावं लागतं, म्हणून सांगते.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. केळुसकर विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. तेही त्या बागेत यायचे. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता. चरित्रकार सांगतात की एक दिवस त्यांनी त्याची चौकशी केली, आणि पुढं त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. स्वतः बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत दादा केळुसकरांची आठवण सांगितली आहे. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांना मुलाचा सत्कार करायचा होता. वडील रामजी सुभेदार तयार होईनात. परीक्षाच तर पास झालाय, सत्कारानं पोराच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. मग लोक केळुसकरांकडे गेले, त्यांनी मित्राची समजूत काढली, सभा झाली, अध्यक्ष तेच होते, आणि भाषण संपल्यावर त्यांनी मुलाच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र ठेवलं.

आमच्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला जे घडलं, त्याच्या मुळाशी ते एकच पुस्तक होतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मधे एवढं आयुष्य होतं, एवढं वाचन, एवढे अपमान, एवढा विचार. तरीही आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, जगभरची ग्रंथालयं पालथी घातलेल्या माणसाला ते पहिलं पुस्तक आणि ते देणारा हात आठवला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

केळुसकरांनी आणखी एक काम केलं, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इंटरनंतर पुढच्या शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा ते मुलाला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्याची वाट त्याच बडोद्याच्या आधारानं उघडली. "खूप शीक, मोठा हो" हे कुणीही म्हणतं. पोराला सोबत घेऊन मोठ्या माणसाच्या दारात उभं राहायचं, त्याच्या वतीनं शब्द टाकायचा, म्हणजे स्वतःची पत खर्च करायची. सल्ला देणाऱ्याचं काहीच खर्च होत नाही.

हे मुंबईचं झालं. आमच्या नागपूरच्या जाईबाई चौधरींचं सांगते. त्या उमरेडच्या. नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावर ओझी वाहून पोट भरायच्या. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या त्या नजरेस पडल्या. त्यांनी जाईबाईंना शिकवलं आणि महिना चार रुपयांवर शाळेत शिक्षिका म्हणून लावलं. अस्पृश्य बाई शिकवते हे कळल्यावर सवर्ण पालकांनी आपली मुलं काढून घेतली, आणि नोकरी गेली. जाईबाईंनी मग 1922 मध्ये मुलींसाठी स्वतःच शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावानं. ग्रेगरीबाईंबद्दल आज कुणाला काय आठवतं? ओझं घेऊन चाललेल्या बाईकडे बघून त्यांच्या मनात काय आलं असेल, हेही आता कळायला मार्ग नाही. पण नागपुरातल्या कितीतरी मुली त्या एका बघण्यामुळे पाटीवर अक्षर गिरवू शकल्या.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेलं माणूस एवढं इतिहासात जाण्यासारखं नव्हतं. आमच्या ओळीत शेवटून दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक काका राहायचे, लोको शेडमध्ये फिटर. रविवारी सकाळी ते अंगणात सायकली दुरुस्त करत बसायचे. त्यांची स्वतःची सायकल एकच, बाकी सगळ्या ओळीतल्यांच्या. पैसे घ्यायचे नाहीत. बादलीभर पाणी, पाने, पक्कड, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपर एवढा संसार मांडला की आम्ही पोट्टे-पोट्टी गोळा व्हायचो.

काका शिकवत नसत. म्हणजे "या, तुम्हाला शिकवतो" असं कधी नाही. ते ट्यूब पाण्यात बुडवायचे आणि बुडबुडे आले की आमच्याकडे बघायचे. "सांग बे, आता काय कराचं?" आणि थांबायचे. ते थांबणं फार लांब असायचं. आम्हाला वाटायचं आता सांगतील, आता सांगतील. ते काहीच सांगायचे नाहीत. ट्यूब हातात धरून बसायचे, दुसऱ्या हातानं कपाळाचा घाम पुसायचे. मग कुणीतरी घाबरत म्हणायचं, "पॉलिश पेपरनं घासाचं?" त्यावर शाबासकी वगैरे नाही. पॉलिश पेपर त्याच्या हातात. घास. चुकीचं उत्तर आलं तरी तेच. एकदा एकानं ओल्या ट्यूबलाच सोल्यूशन लावायचं म्हटलं. काकांनी लावू दिलं. ठिगळ निघून आलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "काहून निघालं असन?" आणि परत थांबले.

मुलींना हत्यारं द्यायची नाहीत असा काही नियम त्यांच्या अंगणात नव्हता, आणि मुलींना द्यायची असा गाजावाजाही नव्हता. जो जवळ बसलेला त्याच्या हातात पाना. तान्ह्या पोळ्याच्या आधी तर तिथं रांग लागायची. प्रत्येकाला आपल्या लाकडी बैलाला नवी चाकं लावून हवी असत. ज्यांच्याकडे चांगला बैल नसे त्यांना काका लाकडाच्या तुकड्यातून एक उभा करून द्यायचे, पण चाकं कुठं बसवायची हे पोरानंच सांगायचं. चाकं वाकडी बसली की बैल एका बाजूला झुकून चालायचा. तो तसाच घेऊन पोरं घरोघरी बोजारा मागायला जायची, आणि पुढच्या वर्षी चाक कुठं बसवायचं हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

आज मी कुणाला काही समजावून सांगते तेव्हा प्रश्न विचारून थांबते. ऑफिसात लोकांना याचा वैताग येतो. ही सवय कुठून आली हे मला नक्की माहीत आहे. काकांना ते माहीत असण्याचं कारण नाही.

त्यांच्याकडून सगळ्यांनी हेच उचललं असंही नाही. काका खर्रा खायचे. नागपूरकरांना खर्रा सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेलं ते प्रकरण आमच्या शहराची जबडी खाऊन टाकतंय. काका तो कागद तळहातावर ठेवून ज्या डौलात घोटायचे, तसा डौल पोरांना कशातच दिसत नसे. आमच्यातले दोघं आधी कागदात माती घालून तसं घोटायचे, आणि नववी-दहावीत गेल्यावर खरा खर्रा घोटू लागले. काका त्यांना शिव्या द्यायचे. "खाऊ नका बे हे, मराल." गालात खर्रा तसाच.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांसमोर मोठ्या माणसानं एका हवा भरलेल्या बाहुल्याला मारलं, ढकललं, हातोडीनं ठोकलं. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं तर त्यांनी तसंच केलं, आणि मोठ्या माणसानं मारताना जे शब्द वापरले होते तेही उचलले. कुणी शिकवलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं. हा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. मला तो वाचताना काकांचं अंगण आठवतं. तिथं एकाच सकाळी एकीनं थांबणं उचललं आणि दुसऱ्यानं खर्रा. काय उचलायचं हे पोरं आपल्याला विचारून ठरवत नाहीत. "मुलांसमोर आदर्श ठेवा" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना याची कल्पना असते का, अशी मला शंका आहे. आदर्श ताटात वाढता येत नाही. तुम्ही तिथं असता, संपूर्ण, गालातल्या खर्र्यासकट, आणि मुलं त्यातून काहीतरी घेऊन जातात.

हल्ली मी संध्याकाळची एका विहारातल्या अभ्यासिकेत बसते. उत्तर नागपुरात अशा अभ्यासिका बऱ्याच आहेत. खाली बुद्धवंदना, वर किंवा मागच्या खोलीत टेबलं, ट्यूबलाइट, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मोठी पोरं तिथं एमपीएससीचा अभ्यास करतात. लहान मुलांसाठी कुणी नाही, म्हणून ओळखीच्या एका आजींनी मला विचारलं. त्या स्वतः शिकलेल्या नाहीत, पण दार उघडायला, झाडू मारायला आणि पोरांना दटावायला रोज हजर. ही अभ्यासिका खरी त्यांची आहे. मी आपली गणित बघते.

गणित बघते म्हणजे तरी काय? सातवी-आठवीतल्या मुलांना अपूर्णांक येत नाहीत, ते बघते. पण बराचसा वेळ नुसतं तिथं असण्यात जातो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढं गेलेला, कूलर धाडधाड वाजतोय, कुणी शिकण्याच्या अवस्थेत नाही, तरी पोरं येतात. घरापेक्षा इथं गार असतं हे एक कारण. दुसरं कारण एका मुलीनं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात: "घरी कोणी विचारतच नाही का आज काय केलं म्हणून. तुम्ही लय विचारता."

एकदा मी तो जुना निबंधाचा प्रश्न काढला, तोंडी. कुणासारखं व्हायचं? एकीनं दिव्या देशमुख सांगितलं, दोघा मुलांनी उमेश यादव. खापरखेड्याकडचा, वडील कोळसा खाणीत कामगार, आणि पोरगा भारताकडून बॉल टाकून आला, म्हटल्यावर विदर्भातल्या कुठल्याही पोराच्या तोंडी ते नाव येणारच. एकानं आशाताई, म्हणजे वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका, सांगितल्या, त्यांच्या रजिस्टरमुळे. त्यांच्या रजिस्टरमध्ये सगळ्या गल्लीचं नाव आहे, याचं त्याला फार कौतुक. आणि एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, म्हणाली, "माह्या मावशीसारखं." का गं? "ते कोणाले भेत नाही. तिनं तिच्या नवऱ्याले सोडलं." सगळी पोरं हसली. ती हसली नाही. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या मावशीला कधी भेटले तर सांगावं असं फार वाटतं, पण काय सांगणार?

अभ्यासिकेत पाहुणेही येतात. 14 नोव्हेंबरच्या आसपास तर फार. वह्या, पेन्सिली, केक, बॅनर, फोटो. फोटोसाठी मुलांना दोन रांगांत बसवतात, आणि मागची पोरं दिसत नाहीत म्हणून पुन्हा बसवतात. वह्या कामी येतात, त्याबद्दल तक्रार नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्या पाहुण्यांची, जे चांगले असतात. कॉलेजातली मुलं-मुली येतात, प्रेमळ असतात, गाणी शिकवतात, पोरांचे वाढदिवस लक्षात ठेवतात. आणि मग सेमिस्टर संपतं, प्रमाणपत्र मिळतं, येणं थांबतं. त्यानंतर कितीतरी दिवस एखादं पोर दाराकडे बघत विचारतं, "तो दादा आता नाही येणार का?" आजी म्हणतात, "परीक्षा आहे त्याची." परीक्षा केव्हाच संपलेली असते.

हे माझं हळवेपण आहे असं कुणी म्हणेल, म्हणून अभ्यासकांचं सांगते. अमेरिकेत मुलांना मोठ्या वयाचा सोबती जोडून देणारी बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही संस्था 1904 पासून चालू आहे. तिच्या कामाचा मोठा अभ्यास 1995 मध्ये झाला. सोबती मिळालेली मुलं व्यसनाकडे कमी वळली, शाळा कमी बुडवू लागली, असं त्यातून दिसलं, आणि सगळे खूश झाले. पुढं 2002 मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी तीच माहिती पुन्हा तपासली, ती सोबत किती टिकली या हिशेबानं. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत फायदा सर्वांत मोठा. आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांची स्वतःविषयीची किंमत, ज्यांना सोबतीच मिळाला नव्हता अशा मुलांच्या तुलनेतही घसरलेली. म्हणजे येऊन निघून जाण्यापेक्षा न येणं बरं होतं. ज्या मुलाला आधीच वाटतंय की आपल्याकडे कुणी टिकत नाही, त्याला आपण येऊन पुरावा देऊन गेलो.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांवर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळिशीला येईपर्यंत लक्ष ठेवलं. त्यांतली जी मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची दारू किंवा मानसिक आजार अशा सगळ्याच बाजूंनी अडकलेली होती, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश तरीही धडधाकट, कामाधामाची, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक गोष्ट ठळक होती. प्रत्येकाला टिकून राहिलेलं निदान एक मोठं माणूस मिळालं होतं. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कुणीही. ते फार हुशार असावं, यशस्वी असावं अशी अटच नव्हती.

म्हणून विजय बारसेंची गोष्ट सांगताना आमचे लोक जिथं थांबतात, तिथं मला थांबता येत नाही. बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. 2001 मध्ये पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यांनी फुटबॉल दिला. पुढं स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, पोरं होमलेस वर्ल्ड कपला गेली, 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, चित्रपटही निघाला. पावसाचा आणि बादलीचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पण फुटबॉल काय, कुणीही देतं. दुसऱ्या संध्याकाळी मैदानावर जाणं, तिसऱ्या संध्याकाळी जाणं, पोरं शिव्या देत भांडत असताना जाणं, बॉल चोरीला गेल्यावर जाणं, हे पडद्यावर दाखवायला कंटाळवाणं असतं. काम तेच असतं.

येत राहायचं म्हटलं की काही गोष्टी पाळाव्या लागतात, त्या इथंच सांगून टाकते. अभ्यासिकेचं दार उघडं असतं. मुलांसोबत मोठं माणूस एकटं नसतं. कुणालाही घरी बोलवायचं नाही, आईला न सांगता भेटवस्तू द्यायची नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा 2012 चा आहे आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, पोरांना दिसेल असा. नवीन आलेल्या काहींना हे अपमानास्पद वाटतं. त्यांनी येऊ नये. आणि आईवडिलांना बाजूला सारून आपण त्यांच्या मुलांचे तारणहार व्हायचं नाही, हेही. एका आईनं मला स्पष्ट विचारलं होतं, "तुमचंच ऐकते ते आता, माह्यं नाही ऐकत. असं काहून?" रास्त प्रश्न होता. तेव्हापासून पोरीची वही आधी आईला दाखवायची, मग मला, असं ठरलं. आईला वाचता येत नाही. ती पानं मोजते, आणि किती पानं झाली ते मला सांगायला लावते.

सध्या अभ्यासिकेत एनएमएमएसच्या अर्जाचे दिवस आहेत. आठवीतल्या मुलांसाठी ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असलं पाहिजे, सातवीला 55 टक्के पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात थोडी सूट, आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. आमच्या पोरांची घरं त्या आकड्याच्या इतकी आत आहेत की सिद्ध करणंच अवघड. महाराजांच्या दारात उभं राहायची सोय आता नाही. आता दार म्हणजे सेतू केंद्र, आणि तिथं सर्व्हर बंद असतो. उत्पन्नाचा दाखला हवा तर तलाठ्याचा अहवाल, अहवाल हवा तर रेशनकार्ड, आणि रेशनकार्डावर पोराचं नाव चढवायचं राहिलेलं. पोराला गणित येतं. माझ्यापेक्षा वेगानं येतं. त्या कागदावाचून मात्र ते गणित सोडवायला तो परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचणार नाही.

त्याचे वडील बांधकामावर जातात. आठवड्यात काम कधी लागतं, कधी नाही. परवा त्यांना घेऊन सेतूत गेले. रोजी बुडवून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीतल्या मुलानं मान वर न करता विचारलं, "वार्षिक उत्पन्न किती?" ते माझ्याकडे बघू लागले. मी थांबले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग सोडून दिलं.

"मॅडम, हे तं मलेच मालूम नाही," ते म्हणाले. "पोट्ट्याले विचारा, तो हिशोब ठेवते."

पोट्ट्यानं खिशातून चिठ्ठी काढली. महिन्यांची नावं, पुढं आकडे, दिवाळीच्या महिन्यात बोनस शून्य, पावसाळ्याचे दोन महिने कोरे, आणि खाली बेरीज. खिडकीतल्या मुलानं पहिल्यांदा मान वर केली आणि चिठ्ठी मागून घेतली. मग म्हणाला, तलाठ्याचा अहवाल नाही, उद्या या.